उजव्या हाताची खुर्ची

देशाच्या प्रमुखांच्या बैठकीच्या खोलीत मी आणि माझ्या जोडीदाराने एकतीस वर्षं खुर्च्या-टेबलं लावली. टेबल ओढायचं नाही, उचलायचं, हे त्याने मला शिकवलं. ओढलं की फरशीवर चरा उठतो. खुर्ची टेबलापासून बरोबर एक वीत. म्हणून सगळे त्याला वीतभाऊ म्हणत.

प्रमुखांना डाव्या कानाने ऐकू येत नसे. बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं, आम्हाला होतं. उजवीकडचा बोले ते व्हायचं. डावीकडचा चहा पिऊन उठायचा.

उजवीकडे एक म्हातारे सल्लागार बसत. आम्ही त्यांच्या पाठीमागे त्यांना आजोबा म्हणायचो. शेजारच्या देशाशी भांडण पेटलं तेव्हा ते ‘बोलणी करा’ म्हणत राहिले. दोनदा सैन्य थांबलं. वीतभाऊचा मुलगा सीमेवर होता. “आजोबा उजवीकडे आहेत तोवर माझं पोरगं सुखरूप,” तो म्हणायचा.

एका सकाळी नव्या सल्लागाराचा कारकून आला. “म्हाताऱ्यांची खुर्ची डावीकडे घ्या. उजवीकडे आमचे साहेब बसतील.”

वीतभाऊ जागचा हलला नाही.

“काय रे, पाय चिकटले?”

“तिकडचं प्रमुखांना ऐकू जात नाही, साहेब.”

“तू खुर्च्या बघ. कानांचं आम्ही बघतो.”

मी म्हणालो, “राहू दे, मी हलवतो.”

“नको. तू ओढशील.”

त्याने एकट्याने खुर्ची उचलली, डावीकडे ठेवली, वीत लावून पाहिली. विसरलो म्हणाला असता तर शिव्या खाऊन निभावलं असतं. पण चुकीची खुर्ची त्याने जन्मात लावली नव्हती.

बैठकीत आजोबा अर्धा तास बोलले; आम्ही भिंतीपाशी उभे होतो. प्रमुख उजवीकडे तोंड करून मान डोलावत होते. दुपारी युद्धाच्या हुकुमावर सही झाली.

अकराव्या दिवशी मुलगा गेल्याची तार आली.

आजोबा भेटायला वीतभाऊच्या घरी आले. वहिनी आतल्या खोलीतून बाहेर आल्याच नाहीत. वीतभाऊने घरातली एकुलती एक खुर्ची त्यांना दिली, स्वतः जमिनीवर बसला.

“मी सांगितलं होतं रे त्यांना,” आजोबा म्हणाले.

“ऐकलं मी, साहेब. भिंतीपाशीच उभा होतो.”

आजोबा गेले. वीतभाऊ उठला, खुर्ची एका हाताने धरली आणि ओढत भिंतीपर्यंत नेली. फरशीवर लांबलचक चरा उठला. त्याने वळून पाहिलं नाही.