ताईची पदवी

दवाखान्यात माझा नंबर यायला वेळ होता. समोरच्या बाकावर गणवेशातली एक नर्स एम.एस्सी. नर्सिंगचं पुस्तक वाचत बसली होती. तिच्याकडे बघता बघता ताई आठवली.

माझी थोरली बहीण नर्स होती. ड्यूटी सांभाळून तिने चाळिशीत हीच पदवी मिळवली. त्या वर्षी आमच्या ज्ञातीच्या मेळाव्यात व्यावसायिक पदवीधरांना सत्कारासाठी बोलावलं, तेव्हा ताई पदर सावरून उठली. संयोजक हळूच म्हणाले, "ताई, हे डॉक्टर-वकिलांसाठी आहे. नर्सिंग मंडळाच्या नियमाने त्यात धरत नाहीत."

ती हसून खाली बसली. घरी येताना एवढंच म्हणाली, "नियमाला कधी आजारपण आलं नसेल रे."

मी न राहवून समोरच्या त्या नर्सला विचारलं, "नर्सिंगची ही पदवी आता लोक डॉक्टर-वकिलांच्या बरोबरीने धरतात का हो?"

"अजून नाही, काका. पण धरतील," ती सहज म्हणाली आणि पुन्हा वाचू लागली.

तिचं ते 'धरतील' लगेच ताईला जाऊन सांगावंसं वाटलं. तिच्या घराचा रस्ता अजून पायांना पाठ आहे. पण तिथे आता दुसरंच कुणी राहतं.