बदलीवरची रेजा

शिव्या घालायच्या असतील तर आधी मला घाला, ठेकेदाराला नंतर. अड्याळजवळ धानाच्या गोदामाचं बांधकाम चालू होतं आणि मी तिथला मुन्शी. हजेरी मी मांडायचो, मजुरांच्या अपघात विम्याच्या यादीत नावंही मीच भरायचो. यादीत नाव त्यालाच विमा. मजूर बदलला की कंपनीला मोबाईलवरून एका ओळीचा मेल टाकायचा. बस्स, एवढंच काम.

पण रोवणा लागला, म्हणजे भातलावणी सुरू झाली, की आमच्याकडे साइटवर कोण कोणाच्या नावावर उभं आहे, ते देवालाही सांगता येणार नाही. मोठी जाऊ शेतात रोवायला गेली की धाकटी तिच्या जागी रेजा म्हणून टोपलं उचलायला येते आणि हजेरी लागते मोठीच्याच नावावर. तशीच एक धाकटी आली. डोक्यावर चुंबळ ठेवून समोर उभी राहिली. मी म्हटलं, "विम्यात नाव बदलावं लागन तुयं." मग म्हटलं, "जाऊ दे, चार दिवसांसाठी कोन करत बसते!" मोबाईल माझ्या हातातच होता. मी क्रिकेटचा स्कोर पाहत होतो.

तिसऱ्या दिवशी पायाडाची, म्हणजे परांचीची, बल्ली सरकली आणि ती विटांसकट खाली आली. भंडाऱ्याच्या दवाखान्यात तिचा एक पाय गुडघ्याखालून कापावा लागला.

भरतीच्या कागदावर मी मोठ्या जावेचं नाव लिहिलं. ठेकेदार खूश. म्हणाला, "विम्याच्या मानसासमोर तिनं हेच नाव सांगतलं, का झालं काम." आधार कार्डावरच्या फोटोत आपली मायसुद्धा ओळखू येत नाही, तिथं जावाजावांतला फरक कोणाला कळतो? अडचण दुसरीच होती. जावेचं नाव घ्यायचं म्हणजे जावेचा नवरा आपला म्हणायचा. म्हणजे तिचा भासरा, नवऱ्याचा मोठा भाऊ. आमच्याकडची बाई भासऱ्याच्या सावलीलाही शिवत नाही. तो अंगणात आला की पदर ओढून बाजूला होते.

आणि दोघं भाऊ एका दिवसात तयार झाले! भासऱ्यापुढे पदर घसरला म्हणून ज्या नवऱ्यानं तिला एकदा बडवलं होतं, तोच खाटेशी उभा राहून म्हणत होता, "एक खेप म्हन ना वो, काय जाते तुयं?" भासरा मात्र दाराबाहेर. आत येणं रीतीत बसत नव्हतं ना!

ती भिंतीकडे पाहत पडून राहिली. माझं डोकं सरकलं. मी ओरडलो, "पाय गेला, आता लाज कायले जपून राहिली? जलमभर कोन पोसन तुले?" शेजारच्या खाटेवरची म्हातारी रडायला लागली. ही नाही रडली.

विम्याचा माणूस नागपूरहून आला. भला होता बिचारा. कागद वाचून त्यानंच जावेचं नाव घेतलं आणि विचारलं, "हेच ना तुमचं नाव?" नुसती मान हलवायची होती. मग दाराकडे बोट करून, "आणि हे तुमचे मिस्टर?"

ती कोपरावर उठली. डोक्यावर पदर घेतला. "नाही. ते माये भासरे हायेत," म्हणाली आणि स्वतःचं नाव सांगितलं. नवऱ्याचं नाव काही घेतलं नाही, त्याच्याकडे बोट दाखवलं.

विमा गेला. ठेकेदारानं हात वर केले. नवऱ्यानं तिला दवाखान्यातून परस्पर लाखांदूरकडच्या माहेरी नेऊन टाकलं. "घराचं आयकलं नाही, तर घरात कायले ठेवू?" म्हणाला.

वर्षभरानं मी त्या गावी गेलो. माफी मागायला, असं सांगितलं तर खोटं होईल. मनातून मला तिचा रागच होता. ती ओसरीत बसून भाजी निवडत होती. भावजय आतून भांडी आपटत होती. चहा कोणी विचारला नाही. राहवलं नाही, मी बोलूनच गेलो, "बाई, नुसती मान हलवाची होती वो."

तिनं भाजीवरून नजर उचलली नाही.

"तुमाले त बाबूजी, नुसतं बोट हलवाचं होतं."