माहेरची जाई आणि मामंजींचा कट्टा

लग्न करून निघताना आईने ओल्या फडक्यात गुंडाळलेली, मुळं फुटलेली जाईची एक फांदी माझ्या हातात ठेवली. सांगलीच्या आमच्या परसातली ती जाई. साताऱ्याला सासरी आल्यावर मी ती पुढच्या खिडकीखाली लावली आणि लगेच सगळ्यांना सांगून टाकलं, "बघाच, येत्या श्रावणात घरभर वास सुटेल."

बोलण्यात मी पहिल्यापासून पुढे. वेल मात्र पावसाळ्यात तरारून खिडकीच्या गजांपर्यंत यायची, चार फुलं दाखवायची आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी शेंड्याकडून वाळत जायची. बुडातून पुन्हा धुमारे फुटायचे, चढायचे, पुन्हा वाळायचे.

उपाय काय कमी केले? ताक घातलं. गुळाचं पाणी घातलं, त्यावर मुंग्या तेवढ्या पोसल्या. शेजारणीची दृष्ट लागते म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, तर तीच बिचारी कुंपणापाशी येऊन काळजीने विचारते, "घरात कुणाला बरं नाही का गं?" शेवटी मी ठरवलं, दोष साताऱ्याच्या मातीचा. माहेरून काळ्या मातीचं पोतं भरून एसटीत चढले. कंडक्टरने पोतं दाबून पाहिलं.

"काय हाय यात, बाई?"

"माती."

"साताऱ्यातली संपली व्हय?"

सगळी गाडी हसली. मी नाक वर करून खिडकीबाहेर बघत बसले, जशी काही पोत्यात केशरच होतं! आज ती पोतंवाली भेटली तर मीही पोट धरून हसेन.

सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची. फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. त्यांना घरातली चप्पलसुद्धा रांगेत लागायची, मग वेल कशी सुटेल? जरा लोंबती दिसली की लोखंडी तार आणि पक्कड घेऊन यायचे, बांबूशी वेल ताठ धरायचे आणि तारेला पिळा मारायचे. आणि मी शहाणी शेजारी उभी राहून म्हणायची, "मामंजी, वाऱ्यानं हलते हो. अजून थोडं घट्ट."

लग्नानंतरच्या तिसऱ्या उन्हाळ्यात वेल पुन्हा पिवळी पडायला लागली, तसा मामंजींनी हुकूम सोडला. "पोरी, लय झालं. दसऱ्यापतूर फुलली तर राहू दे. न्हाई तर उपटायची. आमच्या फौजी मंडळींना बसायला तिथं कट्टा बांधतो."

मी "बरं" म्हटलं आणि आत जाऊन रडले. त्या अख्ख्या अंगणात माझं म्हणावं असं तेवढंच होतं.

मला तेव्हा सातवा महिना. पाय सुजलेले. उजव्या पायातलं जोडवं बोटात असं रुतलं की बोटाचं टोक टम्म फुगून निळसर झालं. मी कुणाला सांगेना. सवाष्णीने जोडवं काढायचं म्हणजे काय, असलं वेड डोक्यात. पण सासूबाईंनी, ज्यांना मी आत्याबाई म्हणायची, माझं लंगडणं हेरलं. मला पायरीवर बसवलं आणि मामंजींची पक्कड घेऊन आल्या. त्या पकडीला हात लावायची घरात कुणाची छाती नव्हती.

"आत्याबाई, अपशकुन होईल."

"बोट सडल्यावर शकुन होतोय व्हय? गप बस."

कट्! चांदीच ती, तुटली. बोटात जीव आला. मी हुश्श करून भिंतीला टेकले, तर समोर वेल. जमिनीपासून वीतभर वर तारेचा वेढा खोडात रुतलेला, आणि त्याच्या वर खोड टम्म फुगलेलं. हुबेहूब माझं बोट! वेढ्याच्या खाली हिरवे कोंब, वर सगळं मरगळलेलं.

"आत्याबाई, पक्कड ठेवू नका."

त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं, वेलीकडे पाहिलं. "अगं बया! हिलाबी जोडवी घातली की यांनी. तीबी गळ्यात!"

मामंजी पेठेत गेले होते. आम्ही दोघींनी एकेक वेढा तोडला, वाळकं छाटलं आणि नव्या कोंबांना जुन्या लुगड्याच्या पट्ट्या सैलसर बांधल्या. मामंजी आले आणि फाटकातच थांबले.

"ही गबाळी बांधणी कुणाची?"

"माझी," सासूबाई म्हणाल्या. "काय म्हणणं हाय?"

सुभेदार दारातल्या चपला रांगेत लावायला लागले.

मी बाळंतपणाला सांगलीला गेले. तिथे मुलगी झाली. तिला मांडीवर घेऊन मी रोज साताऱ्याच्या वेलीची काळजी करायची. कुणी तार तर बांधली नसेल? पाऊस मानवला असेल ना?

नवरात्रात सासरी परतले. आमच्या बोळाच्या तोंडाशीच वास आला. मी चालता चालता थांबले. खिडकी दिसतच नव्हती! जाई पागोळीपर्यंत चढून खाली झुकली होती, आणि सगळी पांढरी. सासूबाईंच्या अंबाड्यावर मनगटाएवढा गजरा. खाली मामंजी उभे, दोघा फौजी दोस्तांना सांगत होते, "बांधणी आमच्या घरची हाय. सैल पाहिजे गड्या, सैल. लोकांना कळत न्हाई."

सासूबाईंनी बाळावरून भाकरतुकडा ओवाळता ओवाळता मला डोळा मारला.

दुसऱ्याच दिवशी कट्ट्यासाठी गवंडी आला. मामंजींनी त्याला खिडकीपासून दूर, फाटकाजवळची जागा दाखवली. मी मुलीला खांद्यावर घेऊन वेलीखाली उभी होते.

"मामंजी," मी म्हटलं, "अजून जरा पलीकडं घ्या. वेल वाढणार आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वर वेलीकडे पाहिलं, आणि गवंड्याला म्हणाले, "घे रं पलीकडं."