विहिणीच्या पंगतीतला अर्थ

सगळं जसंच्या तसं आठवतंय असं छातीठोक सांगत नाही. हल्ली स्वतःच्या आठवणीवरही मी शंका घेतो. पण फजिती माझीच झाली, एवढं पक्कं. काय आहे, साहित्य शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसाने लग्नाला जाऊ नये. गेलाच तर मुकाट्याने जेवून परत यावं.

जे. पी. नगरात अक्काच्या नातीचं लग्न होतं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, आनेकलला दिलेली. आम्हा इथल्या, कानडी मुलखातल्या जुन्या मराठी घरांत विहिणीच्या पंगतीला एक गाणं हमखास होतं. मुलीची आई वरमाईला विनवते, पोर आमटीत मीठ घालायला विसरेल, रागावू नकोस. अक्काला तेव्हा दोन पावलांत धाप लागायची, तरी नातीसाठी ते तिलाच म्हणायचं होतं.

"एवढं एकदा गाते, मग पुरे," ती म्हणाली. "व्याही पुण्याचे, त्यांना आपली बोली कळायची नाही. वामू, आधी तू दोन शब्द सांग. स्वल्पच हं."

मला स्वल्प सांगायला सांगणं! चूक तिथेच झाली.

मी उभा राहिलो. म्हटलं, हे शेकडो वर्षांपूर्वीच्या कुणा अनाम स्त्रीचं गाणं, जिला आयुष्यात कुणी बोलू दिलं नाही. मीठ म्हणजे अश्रू. आमटी म्हणजे संसार. आणि वरमाई म्हणजे तो ढवळणारा काळ.

"गाऊ का?" अक्काने हळूच विचारलं.

"थांब अक्का, मुद्दा राहिलाय."

वरमाईने घास पानात ठेवला. "म्हणजे काका, ही आमच्याकडे येऊन रडणार, आणि मी काळ?"

"प्रतीकात्मक काळ," मी खुलासा केला. "तशा सगळ्याच सासवा..."

"सगळ्याच सासवा काय? पूर्ण करा ना," तिचा भाऊ म्हणाला.

शहाण्या माणसाने पाणी मागितलं असतं. मी वाक्य पूर्ण केलं.

वरमाई पानावरून उठली. तिची समजूत काढायला अख्खं घर बाहेर धावलं. भात निवला, पंगत मोडली. अक्का तेवढी खुर्चीत बसून होती.

मी जवळ गेलो. आणि विचारलं काय? "अर्थ तरी बरोबर सांगितला ना मी?"

"असेल रे. तू शिकलेला."

पुढे तिचा दम आणखी गेला, मग तीही गेली. ते गाणं तिच्या तोंडून ऐकायचं राहिलं ते राहिलंच.

काही वर्षांनी त्याच गाण्यावर लेख लिहायची हौस आली, म्हणून आनेकलला तिच्या नणंदेकडे गेलो. विचारलं, हे गाणं मुळात आलं कुठून?

"कुठून येणार? वहिनीने रचलं, लग्नाच्या पहिल्या वर्षी. मीठ विसरायची, आमची आई तिला बोलायची. आम्ही नणंदांनी ते लग्नोलग्नी पोचवलं. तुम्ही तेव्हा शिकायला परगावी होतात."

विश्वास बसेना, म्हणून धाकट्या नणंदेलाही विचारलं. तिनेही तेच सांगितलं. गाणं अक्काचंच होतं, आणि त्या अनाम बाईला बोलू न देणारा मी.