दत्तूची वरची परीक्षा

फोनवर दत्तूचं नाव दिसलं आणि मी ‘हॅलो’सुद्धा न म्हणता ओरडलो, ‘‘पास ना? पेढे घेऊन ये, नुसता फोन चालणार नाही!’’ पलीकडे दत्तू नव्हता, त्याची बायको सुमन होती. ती म्हणाली, ‘‘दादा... हे गेले. सकाळी, बसल्या बसल्या.’’ मरणाची बातमी ऐकताना पेढे मागणारा आमच्या घराण्यात मी पहिलाच. महिना होऊन गेला, तरी तो फोन आठवला की कान गरम होतात.

दत्तू माझा मावसभाऊ, निफाडचा. आधी द्राक्षबागांची छाटणी, मग वीस वर्षं नाशकात मोठ्या झाडांची निगा. दोर बांधून चिंचेच्या शेंड्यापर्यंत जायचा. मी बल्ब बदलायचा तर बायकोला स्टूल धरायला लावतो. झाडांच्या निगेची पहिली परीक्षा त्याने कधीच दिली होती. वरची परीक्षा पन्नाशीनंतर मनावर घेतली, ती सातपूरच्या एका वडामुळे. कारखान्याच्या आवारातला तो वड धोक्याचा म्हणून तोडायचं ठरलं होतं. दत्तूने लाकडी हातोडीने खोड वाजवून पाहिलं आणि सांगितलं, ‘‘आत थोडा पोकळ हाय, पण पडायचा नाय.’’ तिथल्या साहेबांनी विचारलं, ‘‘हे सांगणारे तुम्ही कोण?’’ वड तोडला. पोकळी निघाली वाटीएवढी, भोवती सगळं टणक लाकूड. त्या बुंध्यावर दत्तू बराच वेळ बसून होता. मला म्हणाला, ‘‘दादा, पुढच्या झाडापाशी मला कोणी असं विचारायला नको.’’

अडचण एकच... पुस्तक इंग्रजी. मी बँकेतला माणूस, इंग्रजी पत्रांवर आयुष्य काढलेलं, म्हणून शिकवणी माझ्याकडे. दर रविवारी सकाळी तो स्कूटरवरून यायचा. मी वाचायचो, मराठीत सांगायचो, तो मान डोलवायचा. पहिल्या खेपेला नापास झाला. फांदी कापल्यावर जखमेला काय लावावं, या प्रश्नाला त्याने पेस्ट लिहिली. पुस्तक म्हणतं, काही लावू नका, झाड आपलं आपण बघतं. ‘‘माहीत होतं रे,’’ तो म्हणाला, ‘‘पण जन्मभर बागेत पेस्ट लावली ना. हातानंच लिहून टाकलं, मला विचारलंच नाय.’’ पुन्हा फॉर्म भरला, पुन्हा रविवार सुरू झाले, दुसऱ्यांदा परीक्षा दिली... आणि निकालाची वाट बघता बघता गेला. अजूनही रविवारी फाटकाशी स्कूटर थांबली की मी उठतो. शेजाऱ्यांची असते.

गेल्या आठवड्यात सुमन निकालाचं पाकीट न उघडताच घेऊन आली. ‘‘इंग्रजी हाय. तुम्हीच वाचा, दादा.’’ मी पाकीट फाडलं. पास झाला होता. ‘‘ह्यांचं नाव कुठं हाय?’’ तिने विचारलं. मी दाखवलं. त्या नावावर बोट ठेवून ती बसून राहिली, चहा निवला तरी.

ती गेल्यावर मी डोळे पुसत बायकोला म्हणालो, ‘‘निदान माझ्या शिकवण्याचं चीज झालं.’’

‘‘तुम्ही फार भरभर वाचायचात,’’ ती म्हणाली. ‘‘तुम्ही अंघोळीला गेलात की भाऊजी पुस्तक घेऊन आत यायचे. पोळ्या लाटता लाटता मी सगळं परत सांगायचे. आणि ते दर वेळी म्हणायचे, ‘वहिनी, दादाला कळू देऊ नका. त्याला शिकवायची लय हौस हाय.’ ’’