वहिनीच्या झाऱ्यातले बटाटे

बटाटा थंडीत झोपतो. बाहेर उन्हानं रस्त्याचं डांबर मऊ पडलेलं असलं तरी शीतगृहाच्या जाड दारामागे तो गोणीत निजून असतो. त्याची झोप मोडू नये म्हणून माणसं भर उन्हाळ्यात स्वेटर घालून, पाय न वाजवता त्याच्याभोवती वावरतात. अशा जागी माणसाच्या मनात ऊब शोधायला जाऊ नये. माल प्रतवार छाटायला बसलेल्या बायकांच्या तोंडातून वाफ निघायची, तीसुद्धा शिवीसारखी.

त्या छाटणीच्या सरकत्या पट्ट्यावर एक मुलगी कामाला होती. तिला सगळे बटाटी म्हणत. अंगानं ती काडी होती, तरी बटाटी. हे नाव तिच्या वहिनीनं ठेवलं, आणि वहिनी तिथली मुकादमीण होती. कामाच्या पहिल्याच दिवशी थंडी सोसवेना म्हणून मुलगी भोवळ येऊन ढिगावर पडली. तिला उचलायचं सोडून वहिनी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हिलाही पट्ट्यावर घ्या गं. कोणत्या प्रतीची आहे ते कळू दे." बायका इतक्या हसल्या की पट्टा थांबवावा लागला. नाव चिकटलं ते चिकटलंच.

आईवडील नव्हते. भाऊ ट्रकवर. महिन्यातले चार दिवस घरी, आणि तेही झोपेत. तेव्हा घरी वहिनी आणि कामावर वहिनी. हे वैर कुठून आलं असं लोक विचारत. मला विचाराल तर त्यात गूढ काही नव्हतं. वहिनी लग्न होऊन आली ती संसार मांडायला, आणि तिच्या पुढ्यात आली एका पोरक्या पोरीची गुंतलेली वेणी. ती वेणी तिनं वर्षानुवर्षं घातली, पण एकदाही केस न ओढता घातली नाही. पोरगीही त्यातला एक हिसका विसरली नाही.

त्या पहिल्या दिवसापासून बटाटीनं बटाटा खाणं सोडलं. शीतगृहातल्या चिरलेल्या, ठेचकाळलेल्या मालातला वाटा बायकांना घरी मिळायचा, त्यामुळे घरात रोज तोच. ती ताटातून एकेक फोड वेचून कडेला रचून ठेवायची. वहिनी बघायची आणि म्हणायची, "वन्संना आपल्याच भाऊबंदांचा तिटकारा." वन्सं हा मानाचा शब्द, पण तिच्या तोंडून तो थुंकल्यासारखा पडायचा.

संध्याकाळी बटाटी वजनं उचलायला जायची. बंद पडलेल्या गिरणीच्या गोदामात एका म्हाताऱ्या मास्तरांनी व्यायामशाळा चालवली होती. मान नसलेला माणूस, खांद्यावर थेट डोकं. तिथं बटाटीच्याच वजनगटात मास्तरांची भाची होती. जिल्ह्याच्या स्पर्धेला एका गटातून एकच जण जाणार, आणि भाचीनं तिला चाचणीत मागं टाकलं होतं. मास्तर म्हणाले, "वरच्या गटात कुणी नाही. पावसाळ्याआधी अंगावर वजन चढव, भाची उचलते तेवढा बार उचलून दाखव, तर जागा तुझी. नाहीतर प्लेटा पुसायला ये."

भाची खांद्यावर टॉवेल टाकून ऐकत होती. "मामा, ती प्लेटा चांगल्या पुसते," एवढंच म्हणाली.

बटाटीला दुसरं काही नको होतं. ती जागा हवी होती. आयुष्यात एकदा तरी असं काही, की ज्यावर वहिनीचा हात पोचत नाही.

मग ती खात सुटली, आणि तेही आंधळ्यासारखं. ताकद म्हणजे अंडी आणि मटण, असं कुणीतरी डोक्यात घातलेलं. सकाळी अंडी, संध्याकाळी अंडी. मधल्या वेळी नाक्यावरच्या दुकानातलं जे तेलात बुडून निघालेलं असेल ते. भात चिमूटभर, पाव नको, बटाटा तर नावालाही नको. पोट दगडासारखं व्हायचं आणि हातपाय रिकामे. तिसऱ्या सेटला गुडघे लटपटायचे. एकदा बार छातीवरून घसरून असा आदळला की मास्तर खुर्चीतून उठले.

"काय खाऊन आलीस?"

तिनं सांगितलं.

"अंड्यांनी भिंत चढते, पण गवंड्यालाही जेवण लागतं," मास्तर म्हणाले. "तू गाडीला ग्रीस पाजतेस आणि डिझेल घालायचं विसरतेस. तळकट बंद कर, ते पोटात धरणं धरून बसतं. इथं येण्याआधी तासभर पाव आणि मध, भात, केळी, खजूर, उकडलेले बटाटे, असलं काही खा. जे पटकन अंगात उतरतं ते. बार ठेवलास की पुन्हा तेच. भूक लागायची वाट बघू नकोस. वजन वाढवायचं तर खाणं हेही कामच."

भाची मागून म्हणाली, "बटाट्यांचं तिला सांगायला नको, मामा. घरचीच आहे ती."

मध आणि पाव बटाटीनं मास्तरांच्या कपाटात ठेवला. व्यायामानंतरचं भागलं. अडलं ते आधीच्या खाण्यावर. कामावरून ती सरळ गोदामात यायची, त्यामुळे दुपारच्या शेवटच्या सुट्टीत शीतगृहातच खायला हवं होतं. बायकांचे डबे ठेवायची फळी तिथं थंड दाराच्या आत. केळं नेलं, ते काळं पडलं. भात नेला, त्याचे खडे झाले. खजूर असा कडक झाला की दाढ दुखून आली. स्वेटरच्या खिशात पाव ठेवला, तर वहिनीनं पट्ट्यावर चुरा पडतो म्हणून सगळ्यांदेखत खिसा उलटा करायला लावला.

गरम असं तिथं एकच होतं. बाहेरच्या पडवीत मोठ्या चुलीवर हंडा चढायचा आणि त्यात मीठ घालून ठेचकाळलेले बटाटे उकडत. गारठलेल्या बायका वाट्या घेऊन त्याच्याभोवती जमत. वाढणार मुकादमीणच, असा तिथला रिवाज. उघड्या दारातून येणाऱ्या गारव्यात हंड्याची वाफ मिसळली की इतकं धुकं दाटायचं की समोरचा चेहरा दिसू नये. म्हणून झारा हंड्यात बुडवून मुकादमीण विचारायची, "कोण?" आणि जिनं तिनं आपलं पट्ट्यावरचं नाव सांगायचं. नकटी. रेडिओ. थोरली घुबड. नाव सांगितल्याशिवाय झारा वर येत नसे. गोण्या वाहणाऱ्यांना मात्र दोन झारे, हा रिवाज वहिनीचा.

बटाटी त्या हंड्यापाशी कधी गेली नव्हती. का ते सगळ्यांना ठाऊक होतं. स्वतःच्या तोंडानं ते नाव, आणि ते वहिनीपुढे. त्यापेक्षा उपास बरा.

पण पुढच्या खेपेस मास्तरांच्या काट्यावर ती उभी राहिली, आणि काटा हललाच नव्हता. पावसाळा जवळ येत होता. दुसऱ्या दिवशी तिनं वाटी घेतली आणि धुक्यात शिरली.

"कोण?"

तिनं वाटी पुढे केली.

"कोण आहे? मागं रांग आहे."

"बटाटी."

झारा थबकला. "ऐकू नाही आलं. कोण?"

"बटाटी. वाढ."

मागं एक वाटी खाली पडली. कुणी हसलं नाही, आणि ते हसण्याहून वाईट होतं. झारा वर आला आणि वाटीत बटाटे पडले. उजेडात येऊन तिनं पाहिलं, तर सालीखाली हिरवे. हिरवा बटाटा कडू असतो, पोट बिघडवतो. पट्ट्यावर तो दिसला की वहिनी छाटणारीच्या बोटांवर फळी मारायची. आपल्या हातून हिरवा माल पुढे गेला नाही, हा तिचा एकच अभिमान.

बटाटी परत हंड्याशी गेली. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "वहिनी, हे हिरवे आहेत. तुझ्या नजरेतून सुटले का? दिवेलागणीला चष्मा लागतो तुला, आता दुपारीही लागतो वाटतं."

आता मात्र बायका हसल्या. वहिनीचा चेहरा हंड्याच्या बुडासारखा झाला. हिरवे टाकून तिनं चांगले पांढरे बटाटे झाऱ्यावर झारा घातले. वाटी भरली, डोंगर झाला, वरचे दोन खाली घरंगळले.

"घे. ढोराला वैरण कमी पडायला नको. इथंच बसून संपवायचं, सगळ्यांसमोर. उष्टं टाकलंस तर उद्यापासून हंड्याजवळ यायचं नाही."

बटाटी पायरीवर बसली आणि तिनं सगळं संपवलं. इतक्या वर्षांनी ती चव जिभेवर आली. मीठ, ऊब आणि मातीची एक मंद आठवण. डोळ्यांत पाणी आलं, पण ते वाफेवर खपून गेलं. संध्याकाळी गोदामात चौथ्या सेटलाही तिचे गुडघे बोलले नाहीत.

पुढच्या काही दिवसांत तिला वहिनीच्या झाऱ्याचं मर्म कळलं. वहिनी खुशीत असली की वाटीत दोन बारके पडायचे. पेटलेली असली की डोंगर. वहिनीला दया जमत नव्हती. तिचा हात सैल व्हायचा तो फक्त अपमान करायला.

मग बटाटीनं भांडण हातात घेतलं. सुट्टी जवळ आली की ती पट्ट्यावरून सहज बोलल्यासारखं म्हणायची, "वहिनी, कालच्या गोण्या व्यापाऱ्यानं परत पाठवल्या म्हणे." किंवा, "वहिनी, दादा फोनवर म्हणत होता, ट्रकमध्ये झोप बरी लागते." एखाद्या दिवशी नुसतं वहिनीकडे बघून गालात हसायची, तेवढंही पुरायचं. हंड्यापाशी झारा दणादणा चालायचा. "गीळ. अजून घे. फुटशील एक दिवस." बटाटी मान खाली घालून गिळायची.

पट्ट्यावरची एक म्हातारी तिला म्हणाली, "लोक जेवणाआधी देवाचं नाव घेतात. तू वहिनीच्या सात पिढ्या घेतेस."

"भूक लागते त्यानं, आजी."

अंग भरत गेलं. खांदे रुंद झाले, मांड्या ओंडक्यासारख्या भरल्या. एका दुपारी गोणी सरकवताना तिचा स्वेटर काखेत टरकन फाटला. वहिनीनं वळून पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिली.

"ही खाते तरी काय?" तिनं म्हातारीला विचारलं.

"तू वाढतेस तेच," म्हातारी म्हणाली.

त्या दिवसापासून सगळं बदललं. बटाटी काहीही बोलली तरी वहिनी हसायची. दादाचं काढलं तरी हसायची. हंड्यापाशी साखरेच्या आवाजात म्हणायची, "घ्या वन्सं," आणि वाटीत एकच बटाटा, लिंबाएवढा. चाचणी तोंडावर आली होती आणि झारा कोरडा पडला होता. बटाटीनं एक दिवस फार लागेल असं बोलून पाहिलं, मूलबाळ नसल्यावरून. बोलू नये ते बोलली. वहिनीच्या ओठांवरचं हसू तेवढ्यापुरतं पांढरं पडलं. पण वाटीत एकच पडला. त्या बोलण्याचं बटाटीला पुढे वाईट वाटलं की नाही, मला माहीत नाही. वाटलं असेल तर तिनं ते कुणाला दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती वहिनीच्या आधी उठली. घरी मिळालेल्या वाट्यातले बटाटे तिनं स्वतः उकडले, फडक्यात घट्ट गुंडाळले आणि स्वेटरच्या आत पोटाशी बांधले. अंगाच्या उबेत ते दुपारपर्यंत गारठले नाहीत. इतके दिवस हे सुचलं नव्हतं असं नाही. बटाटा छातीशी धरून हिंडायची लाज आडवी येत होती. ती लाज हंड्यापाशी एकेक वाटीनं संपली होती.

"कितवा महिना?" रेडिओनं तिच्या पोटाकडे बघून विचारलं.

"भरत आलेत," बटाटी म्हणाली. पायरीवर बसून तिनं फडकं सोडलं आणि वहिनीच्या समोर एकेक सोलून खाल्ला. वहिनीनं तिकडे पाठ केली, पण वाफ नसलेल्या बाजूला, तिथं तिचा चेहरा सगळ्यांना दिसला.

चाचणीच्या दिवशी वहिनी गोदामात आली. कुणी बोलावलं नव्हतं. दाराला टेकून हाताची घडी घालून उभी राहिली. बटाटी पडलेली बघायला आली होती ती, आणि तिनं ते लपवलंही नाही.

बटाटी काट्यावर चढली. मास्तरांनी वाकून पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि होकार दिला. ती वरच्या गटात बसली होती.

"वाढली नाही, फुगलीय," भाची म्हणाली.

पहिल्या दोन खेपा भाचीहून हलक्या बारवर सरळ गेल्या. मग मास्तरांनी भाचीचं वजन चढवलं. बटाटीनं हातांना खडू लावला आणि दाराकडे पाहिलं. एक शिवी, एक टोमणा, काही तरी यावं असं तिला वाटत असावं. इतके दिवस तिनं त्यावरच पोट भरलं होतं. वहिनीला ते कळलं. तिनं ओठ मिटून घेतले आणि डोळेही दुसरीकडे वळवले.

तेव्हा बटाटी बारकडे वळली आणि वाकली. बार गुडघ्यांवरून गेला, खांद्यावर आला. तिथं ती क्षणभर अडकली. चेहरा विटेसारखा लाल, मानेच्या शिरा दोरासारख्या. मग पाय फाकून तिनं तो डोक्यावर नेला आणि हात ताठ झाले. मास्तर "सोड" म्हणाले तरी तिनं सोडला नाही. भाचीनं हार मानल्यासारखा टॉवेल खांद्यावरून काढेपर्यंत ती तशीच उभी राहिली. मग बार पडला आणि गोदामातली कबुतरं उडाली.

"जागा तुझी," मास्तर म्हणाले.

दारातून वहिनीचा आवाज आला, थंड आणि नेहमीचा. "गोण्या वाहायला माणूस कमीच होता. उद्यापासून पट्टा सोड. गोण्यांवर लाग."

बटाटीनं मास्तरांच्या कपाटातून पाव काढला, त्यावर मध ओतला आणि भरल्या तोंडानं म्हणाली, "लागते. पण गोणीवाल्यांना झारा दुप्पट असतो, वहिनी. रिवाज तूच पाडलायस."

वहिनीनं पदर खोचला. दोघी एकाच घरी निघाल्या, रस्त्याच्या दोन कडांनी.