ओटीचं परदेशातलं नाव

नातेपुत्याहून भाची सुनीता आणि मी सकाळच्या एसटीने निघालो. आमच्या वस्तीवर शूटिंग झालेला सिनेमा सोलापुरात दाखवणार होते. नाव ‘ओटी’. लेकीच्या डोहाळजेवणात विधवा आईला तिची ओटी भरू देत नाहीत, अशी गोष्ट. सिनेमानंतर आलेल्या बायकांची ओटी भरणार होते, म्हणून माझा पाय उचलत नव्हता. मालक गेल्यापासून अशा वेळी मी मागेच उभी राहते.

सोलापुरात ऊन रणरणत होतं. सुनीताने खानावळीत कडक भाकरी आणि कोरड्यास (पातळ कालवण) खाऊ घातलं. भाकरी पापडासारखी मोडत होती. जिवाला बरं वाटलं.

थिएटरात पडद्यावर भलतंच इंग्रजी नाव आलं. मी सुनीताचा हात ओढला.

“चल, दुसऱ्याच शिनेमाला आलो.”

“आत्या, बस की! तुझीच म्हैस हाय बघ ती.”

खरंच आमचीच म्हैस होती.

सिनेमा काढणारी मीरा शूटिंगच्या वेळी माझ्या हातचं जेवलेली. सिनेमा सुटल्यावर बाहेर भेटली तेव्हा मी भीत भीत विचारलं, “नाव का गं बदललं?”

“मावशी, ही परदेशात पाठवायची प्रत. आधी इंग्रजीत ‘नारळ आणि तांदूळ’ ठेवलं होतं. तिकडच्यांना वाटलं, स्वयंपाकाचा सिनेमा आहे!”

“आणि आता?”

“‘तिलाही द्या’, अशा अर्थाचं. ओटी म्हटलं की कोण मागं राहतं, ते आपल्याला ठाऊक असतं. त्यांना नावातच सांगावं लागतं.”

मग ओटी भरायला सुरुवात झाली. मी खांबाआड सरकले. ताट घेतलेल्या बाईने माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि ती पुढे गेली. मीराने तिच्या हातातलं ताट घेतलं.

“मावशी, पदर पसरा.”

“मला न्हाय चालत गं.”

“कुणाला चालत नाही?”

मी पदर पसरला. थोडे तांदूळ खाली सांडले. त्याच बाईने वाकून ते वेचले आणि माझ्या पदरात घातले. मीराचे आणि तिचेही उपकार मी विसरणार नाही.

परतताना मोहोळला एक म्हातारी शेजारी येऊन बसली. माझ्या मांडीवरचा ओटीचा नारळ पाहून म्हणाली, “कुणाचं लगीन हुतं?”

“न्हाय, शिनेमाला गेलते.”

“व्हय? नाव काय त्याचं?”

मी तिला परदेशातलं नाव सांगितलं: ‘तिलाही द्या’.